आमच्याकडे बरोबर दिसतंय

"एक सही करा, पोस्टमन. तेवढंच काम आहे." साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. वर पेन ठेवलं, तेही टोपण काढून.

कागदावर चार ओळी होत्या. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुख्य कचेरीतून दिवसाच्या कामांची यादी मेलने निघाली. त्याच मिनिटाला ती वर्कशॉपला पोचली. वाटेत कुठलाही बिघाड नव्हता. यादीत सात नंबरच्या इमारतीतल्या मागच्या लिफ्टच्या ओळीवर काट मारलेली होती, म्हणजे तिथे कुणालाही पाठवायचं नव्हतं. आणि ती काट ठळक दिसत होती.

खाली जागा सोडलेली. नाव, हुद्दा, सही.

त्याचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या या कंपनीत मेल चालता ठेवायचा, हे त्याचं काम. कुणाचं पत्र अडकलं, कुणाचं दोनदा गेलं, कुणाचं उघडल्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसले, की हाक यायची, पोस्टमनला बोलवा. एकोणीस वर्षं तो या हाकेला उठत होता.

दाराला काच होती. काचेपलीकडे, बाहेरच्या बाकावर, वर्कशॉपच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. मेकॅनिक लोकांनीच त्यांना ते नाव दिलेलं. रोज सकाळी यादी वाचायची, ज्याचं त्याचं काम चिठ्ठीवर लिहायचं आणि हातात द्यायचं, हे त्या तीस वर्षं करत आल्या होत्या. मंगळवारी त्यांनी एका मेकॅनिकच्या हातात सात नंबरची चिठ्ठी दिली. वीज तोडली आहे, असं यादीत होतं, म्हणून तो सरळ लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. वीज तोडलेली नव्हती. लिफ्ट खाली आली. त्याचा उजवा पाय आता गुडघ्यापर्यंतच होता.

"बाई काय म्हणतात?" पोस्टमनने विचारलं.

"काय म्हणणार? काट नव्हतीच, म्हणतात." साहेब खुर्चीत मागे रेलले. "आपण डोळे तपासून घेतले त्यांचे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. संपलं."

"सुरुवात."

"अहो, सुरुवात म्हणजे आहेच ना."

"त्यांच्या मशीनवर कुणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? मेल एकच असतो. इथून गेला तोच तिथे पोचला."

पोस्टमनला कुणी काहीही बोललेलं चालायचं, पण त्याच्या कामाबद्दल इतक्या आरामात कुणी चुकीचं बोललं की त्याचं डोकं फिरायचं.

"मेल एकच नसतो, साहेब. एका मेलच्या पोटात दोन मेल असतात. एक नटलेला, एक साधा. नटलेल्याच्या अंगावर रंग असतो, जाड अक्षरं असतात, काट असते. साध्यात नुसते शब्द. समोरच्या मशीनला जो झेपतो तो ते उघडतं. आपण त्या वर्कशॉपची कंपनी विकत घेतली तेव्हा खुर्च्या बदलल्या, पाट्या बदलल्या. त्यांचा मेल बदलला नाही. तो अजून जुनाच आहे."

"पण काट आपल्याकडे दिसते ना?"

"आपल्याकडे दिसते."

"मग झालं की."

पोस्टमनने पेनाचं टोपण उचललं, लावलं आणि पेन परत साहेबांच्या बाजूला ठेवलं. "एक दिवस द्या."

"उद्या अकराला समिती बसतेय. त्याच्या आत हा कागद मला पाहिजे. आणि उगाच खोलात शिरू नका. ही चौकशी आहे, तुमच्या मेलचा वर्ग नाही."

तो बाहेर आला. मोठ्या बाईंनी मांडीवरची पिशवी बाजूला घेतली, त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही.

"झाली सही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"करून टाका." बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "चार दिवस सगळे सांगताहेत, काट होती, काट होती. मला पण आता वाटायला लागलंय, असेल. माझंच लक्ष नसेल. माणसाचं होतं असं, नाही का? काल रात्री डोळे मिटले तर मला ती दिसली पण, काट."

त्याला वाटलं, आत जावं आणि तो कागद साहेबांच्या तोंडावर फेकावा. डोळ्यांनी धड पाहिलेलं माणसाकडून असं काढून घ्यायचं. चार दिवसांत. नुसतं बोलून बोलून.

"उठा बाई," तो म्हणाला. "वर्कशॉपला चला माझ्याबरोबर."

वर्कशॉप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, खाली ग्रीसने काळी झालेली फरशी, कोपऱ्यात पोलादी दोरांची वेटोळी. चारपाच मेकॅनिक एका मोटरभोवती वाकले होते. बाईंना बघून ते सरळ झाले. एकाने उठून स्टूल पुढे केलं. दुसऱ्याने मान वर न करता विचारलं, "चष्मा आणला का, बाई?"

"आणलाय," बाई चालता चालता म्हणाल्या. "तू आज दाढी केली नाहीस, तेही दिसतंय मला."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

बाईंची खोली म्हणजे लाकडी चौकट आणि तीन बाजूंना काच. आत एक जुना कॉम्प्युटर, त्याच्यावर उशीचा अभ्रा घातलेला. बाईंनी अभ्रा काढून घडी केला. मशीन सुरू व्हायला इतका वेळ लागला की पोस्टमनला पंख्याच्या प्रत्येक पात्यावरची धूळ पाठ झाली. मग त्याने मंगळवारचा मेल उघडला.

सात नंबर, मागची लिफ्ट, दोर तपासणी, वीज तोडली आहे.

ओळ स्वच्छ होती. वरच्या ओळीसारखी, खालच्या ओळीसारखी. तिच्या अंगावर काही म्हणजे काही नव्हतं.

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला, मुख्य कचेरीच्या मेलमधून तीन ओळी लिहिल्या. पहिली लाल केली. दुसरी जाड केली. तिसरीत लिहिलं, खाली उतरा. आणि तिच्यावर आडवी काट ओढली. मेल पाठवला. बाईंच्या मशीनवर तो यायला दीड मिनिट लागलं. तिन्ही ओळी एकाच रंगाच्या, एकाच अंगाच्या, बहिणी बहिणी उभ्या राहाव्यात तशा. खाली उतरा, असं तिसरी सांगत होती.

यादी निघाली होती, यादी चालली होती, यादी पोचली होती. वाटेत तिच्या अंगावरची एक रेघ गळून पडली, आणि कुणाला आवाजही आला नाही.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. स्क्रीनच्या इतक्या जवळ गेल्या की श्वासाने काच धूसर झाली. सात नंबरची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली.

"म्हणजे नव्हती."

"नव्हती."

"मी आंधळी झालेली नाही."

"नाही, बाई."

त्या रडतील असं त्याला वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. सरळ बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा धार आली.

"मग मी तेव्हा फोन केला होता, तोही बरोबरच होता."

"कुठला फोन?"

"तुम्हालाच केला होता. यादी मेलने यायला लागून पंधरा दिवस झाले असतील. त्याच्या आधी गाडीबरोबर कागद यायचा. म्हटलं, रद्द झालेली कामंपण यादीत येताहेत. माणसं तिथवर जातात, हात हलवत परत येतात, मला शिव्या घालतात. तुम्ही म्हणालात, थांबा, बघतो. मग म्हणालात..." त्या थांबल्या. आठवण्यासाठी नाही, त्याने ते स्वतः आठवावं म्हणून.

त्याला आठवत नव्हतं. त्याने लॅपटॉपवर तक्रारींची नोंद उघडली. तीन महिने मागे गेला. सापडली. वर्कशॉप. यादीत रद्द कामं दिसतात अशी तक्रार. तपासलं. आमच्याकडे बरोबर दिसतंय. तक्रार बंद.

खाली त्याचं नाव होतं. सुरू, अकरा बेचाळीस. बंद, अकरा चव्वेचाळीस.

दोन मिनिटं. दोन मिनिटांत चहासुद्धा उकळत नाही.

त्याने स्वतःच्या मशीनवर यादी उघडली असणार, काट बघितली असणार, छान सरळ काट, आणि पुढच्या तक्रारीकडे वळला असणार. सकाळी साहेबांना त्याने काय ऐकवलं होतं? त्यांच्या मशीनवर कुणी बघितलं. कुणी म्हणे. अंगात कुठूनतरी कढ आला, आणि बाहेर पडायला त्याला समोर एकच माणूस दिसलं.

"मग परत का नाही केलात फोन?" त्याचा आवाज काचेवर आपटला. "एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं? तीन महिने? अहो, डोकं खायचं माझं. दहा वेळा करायचा, वीस वेळा करायचा. कुणाचा जीव टांगलाय या यादीवर हे तुम्हाला कळत होतं ना?"

बाई त्याचं संपेपर्यंत थांबल्या.

"तुम्ही मेलचे जाणकार," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर आहे म्हणालात, मग मी कुठल्या तोंडाने भांडू? मला वाटलं माझंच चुकतंय. त्या दिवसापासून मी यादी दोनदा वाचायला लागले. मंगळवारीही दोनदाच वाचली होती." मग त्यांनी काचेबाहेर मान केली. "आवाज चढवायचा तर चढवा. पण बाहेरची माणसं ऐकताहेत. त्यांना वाटेल, चूक माझीच निघाली."

बाहेर मोटरभोवतीची माणसं खरंच इकडेच बघत होती. पोस्टमनने तोंड मिटलं. मंगळवारचा मेल इथे दिसतो तसा आणि मुख्य कचेरीत दिसतो तसा, असे दोन कागद छापून घेतले, आणि निघताना बाहेरच्या माणसांपाशी थांबून सांगितलं, "बाईंच्या मेलमध्ये काट नव्हती. मी बघितलंय." दाढी न केलेल्याने पाना खाली ठेवला.

दुपारी तो यादीवाल्या काकांपुढे उभा राहिला. मुख्य कचेरीत खिडकीपाशी त्यांचं टेबल. निवृत्ती दोन महिन्यांवर आलेली. यादी तेच करत, आणि काट मारण्याची रीतही त्यांचीच. रजिस्टरच्या काळापासूनची.

"काका, ते काम रद्द झालं होतं ना? मग ओळ काढूनच का नाही टाकली?"

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने त्यांना चोरी करायला सांगितलं. "काढून टाकायची? उद्या कुणी म्हणालं, हे काम यादीत कधी नव्हतंच, तर? चाळीस वर्षांत मी काही पुसलं नाही. रबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलं की एक सरळ काट, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. माझ्या हाताखाली अकरा कारकून तयार झाले, सगळ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवलं. त्या दिवशी सातला फोन आला, सात नंबरवाले वीज तोडू देत नाहीत. मी लगेच काट मारली. जाड मारली. बघ ना तू."

पोस्टमनने वर्कशॉपचा छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला.

काकांनी तो वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. परत सुलटा केला.

"ही माझी यादी नाही."

"तुमचीच आहे."

"मी काट मारली होती."

"मारली होती, काका. वाटेत गेली."

"वाटेत." काकांनी कागद त्याच्याकडे परत सरकवला. "आणि वाट कुणाची रे? माझी का? त्या बाईची का? वाट तुझी ना, पोस्टमन?"

त्याने कागद उचलला आणि चालायला लागला. उत्तर नव्हतं असं नाही. होतं, आणि ते हो असं होतं.

घरी ताई खिडकीतल्या उजेडात बसून कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. मोठी बहीण. तिचा नवरा गेल्यापासून दोघं एकत्र राहत. कपडे दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि माणसाला बोलतं करण्यातही.

तो बूटसुद्धा न काढता सुरू झाला. साहेबांना खोलीबाहेरचं जग माहीत नाही. त्यांना बाईंचे डोळे तपासायला वेळ आहे, मशीन तपासायला नाही.

"आणि?" ताई म्हणाली. एक टाका उसवला.

आणि ज्यांनी कंपनी विकत घेतली त्यांना पाटीवरच्या अक्षरांचा रंग ठरवायला सहा महिने मिळाले, दोन मेल एकमेकांशी नीट बोलतात का हे बघायला एक दुपार मिळाली नाही.

"आणि?"

आणि काका. रीत, रीत, रीत. कागदावरची रीत तशीच्या तशी उचलून मेलमध्ये घातली, एकदाही विचारलं नाही की तिकडे काय दिसतं.

"आणि?"

आणि ती बाई. दोनदा वाचते. दोनदा वाचते, पण दोनदा फोन करत नाही.

"आणि?"

ताईने उसवायची कात्री खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आणि मी," तो म्हणाला. मग बूट काढत काढत त्याने दोन मिनिटांची गोष्ट सांगितली.

"ती नोंद दुसऱ्या कुणाला दिसते का?"

"नाही. मीच ठेवतो, मीच बघतो. पुसली तर कुणाला पत्ता लागणार नाही."

"मग नुसता तो बाईंच्या मशीनवरचा कागद दाखव. तेवढ्याने नाही का सुटायच्या त्या?"

"अर्ध्या सुटतील. मग विचारतील, यादी अशी येत होती तर तीन महिने सांगितलं का नाही? त्यांनी सांगितलं होतं, हे त्या एका नोंदीशिवाय कुठेच नाही."

"आणि ती दाखवलीस तर तू घरी."

"बहुतेक."

ताईने कोट परत हातात घेतला. बाही पूर्ण निघाली होती. तिने ती मांडीवर सरळ करून ठेवली.

"राग कुणावर काढायचा ते उद्या तुझं तूच ठरव," ती म्हणाली. "मला एवढंच सांग, सकाळी लवकर उठवू का?"

समितीत तिघे होते. साहेब, कंपनीच्या वकीलबाई, आणि वरून आलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ, जे काहीच बोलत नव्हते. मोठ्या बाई टेबलाच्या एका टोकाला, पिशवी मांडीवर धरून.

पोस्टमनने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. मुख्य कचेरीतून निघाला तो, वर्कशॉपला दिसला तो. वकीलबाईंना समजवावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही ओळींवर नख फिरवलं आणि मान वर केली.

"म्हणजे काट बाईंना दिसलीच नाही."

"दिसणं शक्यच नव्हतं."

"ठीक. पण मग तीन महिने रद्द कामं यादीत येत होती, हे यांच्या लक्षात आलं असेलच. यांनी कुणाला सांगितलं का नाही?"

अगदी तोच प्रश्न. साहेबांचा चेहरा जरा मोकळा झाला. मोठ्या बाईंनी पोस्टमनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या, आणि त्याला कळलं, त्या सांगणार नाहीत. एकदा सांगून झालं होतं त्यांचं.

त्याने खिशातून तिसरा कागद काढला. तो टेबलावर ठेवायच्या आत साहेबांनी त्यावरची नोंद वाचली आणि ते उठले. "पोस्टमन, जरा बाहेर या."

दार लागल्यावर साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "वेड लागलंय का तुम्हाला? मी वाचवतोय ना सगळ्यांना. बाईंना सहा महिने घरी बसवू, पुढे त्या निवृत्तच व्हायच्या. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?"

बोलून गेल्यावर साहेबांनाच ते ऐकू आलं. त्यांनी नजर वळवली.

"माझे दोन्ही पाय जागेवर आहेत, साहेब," पोस्टमन म्हणाला. "सगळ्यांना वाचवताय म्हणता. खड्ड्यात उतरला तो या सगळ्यांत धरलाय का? तुम्ही एक वाक्य लिहिलंत, मेल पोचला. हे वाक्य मी एकोणीस वर्षं लिहितोय. आपल्याकडून निघालं, त्यांच्याकडे पोचलं, झालं आपलं काम. पुढे उघडलं कुणी, दिसलं काय, आपण विचारत नाही. आपल्याकडे बरोबर दिसतंय ना, मग जग बरोबर. मीही असाच होतो. पण मला आता त्याची शिसारी आली आहे. हटा, मला आत जाऊ द्या."

साहेब हटले नाहीत. तो त्यांच्या बाजूने गेला.

आत त्याने कालचा चार ओळींचा कागद मागून घेतला. वकीलबाईंनी पेन दिलं. चौथ्या ओळीखाली, सही करायच्या जागेच्या वर, त्याने उभ्यानेच लिहिलं. यादी पोचली, काट पोचली नाही. हे वर्कशॉपच्या बाईंनी मला तीन महिन्यांपूर्वी फोन करून सांगितलं होतं. मी त्यांच्या मशीनवर बघितलं नाही आणि दोन मिनिटांत तक्रार बंद केली. सोबत नोंद जोडली आहे.

मग नाव लिहिलं. पूर्ण. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी ते वाचून पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुमचं नाव हे आहे होय?"

चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला कामावरून दूर ठेवलं. ओळखपत्र फाटकावर जमा करून घेतलं. मोठ्या बाईंना पत्र मिळालं, दोष नाही म्हणून. हे त्याला ताईकडून कळलं, ताईला कोटवाल्या गिऱ्हाइकाकडून, जो याच कंपनीत कारकून होता.

नवव्या दिवशी सकाळी सातला तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. का आलो हे त्याला नीट सांगता आलं नसतं. मेकॅनिक आले होते, डबे कोनाड्यात ठेवत होते. बाई काचेच्या खोलीत होत्या. त्यांनी त्याला पाहिलं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तो आत जाऊन स्टुलावर बसला.

"पत्र मिळालं म्हणे," तो म्हणाला.

"मिळालं. कपाटात ठेवलंय." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "काल हॉस्पिटलात गेले होते. त्याची बायको होती. तिने खुर्ची दिली, बोलली नाही. त्याने विचारलं, बाई, काट होती का? म्हटलं, नव्हती रे. म्हणाला, मला ठाऊक होतं, तुम्ही असं करणार नाही. आणि मग भिंतीकडे कूस वळवली." बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "नाव परत आलं माझं. चांगलं झालं. पण त्याला मी काय नेऊन देऊ?"

तुमच्याबद्दल वाईट वाटतं, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं आणि त्यालाच त्याची लाज वाटली.

सात वाजून दहा मिनिटांनी मेल आला. बाईंनी तो उघडला नाही. त्यांनी फोन उचलला, मुख्य कचेरी लावली, आणि त्याच्या हातात पेन दिलं.

"मी बोलते, तुम्ही लिहा. माझी दोन्ही कामं एकदम होत नाहीत."

फोनच्या पलीकडे काका होते. त्यांनी एकेक ओळ वाचली. बाईंनी ती मोठ्याने परत म्हटली, काका हो म्हणाले, की मगच पोस्टमनने चिठ्ठी लिहिली. तीन नंबर, दरवाजा अडकतो. हो. पाच नंबर, पुढची लिफ्ट, दिवा. हो. अकरा नंबर, वीज तोडली आहे, चावी वॉचमनकडे. वॉचमनचं नाव विचारलंत? विचारलं. हो. मेकॅनिक दाराशी रांगेत उभे राहून ऐकत होते. ज्याचं काम त्याने चिठ्ठी घेतली, स्वतःच्या तोंडाने एकदा वाचली आणि गेला. दाढी न केलेला आज दाढी करून आला होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि बाई मान हलवेपर्यंत जागचा हलला नाही.

सात माणसं गेली. दार रिकामं झालं. पोस्टमनच्या हातात एक चिठ्ठी उरली. मुख्य कचेरी अजून आठ माणसांचीच यादी करत होती.

बाईंनी ती चिठ्ठी पाहिली. फोन अजून कानाला होता.

"काका, नऊ नंबरचं आज होणार नाही. माणूस नाही." त्यांनी वाट पाहिली. "असं नाही. म्हणून दाखवा."

मग तो म्हातारा, काटेकोर आवाज आला, खोलीतल्या दोघांनाही ऐकू येईल इतका.

"नऊ नंबर. माणूस नाही."

"हो," बाई म्हणाल्या.